मोरचुदाच्या पोटातलं चुंबक

(दृश्य: काळोख. भात्याचा आवाज. हळूहळू निखारा उजळतो.)

कोल्हापुरात, उद्यमनगरच्या मागच्या अंगाला ही भट्टी आहे. तारेला एक जाड खिळा टांगलाय. चार बोटं अंतरावर चुंबक, आणि दोघांच्या मध्ये फरशीचा एक तुकडा. खिळा थंड होता तेव्हा तार तिरकी करून चुंबकाकडे ओढला गेला होता. आता तो निखाऱ्यातून काढलाय. भडक लाल आहे आणि सरळ खाली लोंबतोय. शेजारी चुंबक आहे याची त्याला दखलच नाही.

थांबा. रंग उतरू द्या.

(दृश्य: भडक लाल, मग विटकरी. मंद लालीत असतानाच खिळा अचानक झेपावतो आणि फरशीवर आपटतो.)

आपटला. मध्ये फरशी नसती, तर तापलेल्या खिळ्यानं चुंबकच निकामी केलं असतं. पहिल्या दिवशी आमची दोन चुंबकं अशीच गेली. लोहारमामा तेव्हा काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी आम्ही यायच्या आत फरशी मांडून तयार होती.

पुन्हा पाहू, सावकाश. लोखंडाचा प्रत्येक अणू हा एक बारीकसं चुंबक असतो. ७७० अंश सेल्सिअसच्या वर उष्णता त्यांना स्वस्थ बसू देत नाही, ज्याचं तोंड त्याच्या दिशेला. त्या आकड्याच्या खाली आले की सगळे एकदम एका दिशेला वळतात. लोखंड तेच, आकार तोच, आतली शिस्त मात्र बदलली. याला अवस्थांतर म्हणतात. पिएर क्यूरीनं १८९५ साली यावर सविस्तर मोजमापं प्रसिद्ध केली, म्हणून त्या तापमानाला त्याचं नाव आहे.

कोल्हापूरकरांना अवस्थांतर नवं नाही. गुऱ्हाळावर काहिलीपाशी उभा असलेला गुळव्या दुसरं काय बघत असतो? पाकाचा थेंब पाण्यात सोडायचा आणि त्याची गोळी होते का ते पाहायचं. एक क्षण आधी काकवी, एक क्षण नंतर गूळ.

(दृश्य: शिरोलीच्या फाउंड्रीत साच्यात ओतला जाणारा रस. ठिणग्या.)

या शहराला उष्णतेची भीती नाही. पण आम्ही ज्या अवस्थांतराच्या मागे लागलोय, ते दुसऱ्या टोकाला आहे, थंडीच्या टोकाला. आणि ते लोखंडात नाही, तांब्यात आहे.

(दृश्य: टाउन हॉल संग्रहालय. काचेमागे पोसायडनची छोटी कांस्यमूर्ती.)

कोल्हापूरची तांब्याशी ओळख जुनी आहे. पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरीच्या टेकाडात १९४०च्या दशकात कांस्याच्या वस्तूंचा मोठा साठा सापडला. त्यातलाच हा ग्रीकांचा समुद्रदेव, रोमन घडणीचा. कांसं म्हणजे तांबं आणि कथील. याला चुंबक लावलं तर काही होणार नाही. (आम्ही लावलं नाही, अर्थातच.) धातुरूपातल्या तांब्यात सुटे इलेक्ट्रॉन सगळ्यांचे सामाईक असतात. अणूपाशी स्वतःचं असं चुंबकत्व उरत नाही.

तेच तांबं क्षारात गेलं की गोष्ट बदलते.

(दृश्य: शेती औषधांचं दुकान. पोत्यातून निळे खडे तराजूत पडतात.)

मोरचूद. कॉपर सल्फेट. द्राक्षबागायतदार आणि पानमळेवाले याला चांगले ओळखतात. एक किलो मोरचूद, एक किलो चुना, शंभर लिटर पाणी, झालं एक टक्क्याचं बोर्डो मिश्रण. भाजीच्या पिशवीत ठेवू नका आणि बोट तोंडात घालू नका, एवढंच सांगतो. विष आहे.

या निळ्या खड्याचा विज्ञानातला मान मोठा आहे. १९१२ साली म्युनिकमध्ये माक्स फॉन लाउए यांच्या सूचनेवरून फ्रीडरिश आणि क्निपिंग या दोघांनी एका स्फटिकातून क्ष-किरण सोडले आणि मागच्या काचेवर ठिपके उमटले. स्फटिकात अणू रांगेनं बसलेले असतात, याचा तो पहिला डोळ्यांनी दिसणारा पुरावा. तो पहिला स्फटिक मोरचुदाचा होता.

(दृश्य: प्रयोगशाळेचं टेबल. काचेचा चंचुपात्र, गाळणकागद, दोरा.)

आता स्फटिक वाढवायचा. हा भाग आम्ही मुद्दाम लांब ठेवलाय, कारण या चित्रीकरणात सर्वांत जास्त दिवस यात गेले, आणि कोणत्याही शाळेत तो होऊ शकतो.

दुकानातला खडा मळका असतो. तो ऊन पाण्यात विरघळवून गाळून घ्यायचा. भांडं काचेचंच हवं. ॲल्युमिनियमच्या पातेल्यात केलंत तर पातेलं खाल्लं जातं आणि तांब्याचा लालसर गाळ खाली बसतो. लोखंडाचं तेच. हा बघा, द्रावणात बुडवलेला खिळा. दोन मिनिटांत त्याला तांब्याचा मुलामा चढला.

पाणी जितकं ऊन, तितका मोरचूद जास्त विरघळतो. गार होताना जादाचा बाहेर पडायला लागतो. सावकाश गार केलं तर तळाशी तिरकस काटकोनचौकोनासारखे छोटे स्फटिक दिसतात. त्यातला सर्वांत स्वच्छ निवडायचा. तो आपलं बी. साखर कारखान्यात पॅनमध्ये बी सोडून साखरेचा दाणा वाढवतात, तत्त्व तेच. फक्त कारखान्याला लाखो दाणे हवे असतात आणि आपल्याला एकच.

बी दोऱ्याला बांधायचं. रेशमाचा सुटा धागा सर्वांत चांगला, जाड दोऱ्यावर भलतेच खडे धरतात. मग ते ताज्या संपृक्त द्रावणात टांगायचं, वरून गाळणकागद झाकायचा आणि हात लावायचा नाही. हे शेवटचं सर्वांत कठीण. पोरं रोज येऊन भांडं हलवून बघायची.

(दृश्य: दिवसादिवसानं घेतलेल्या चौकटी. स्फटिक हळूहळू फुगतो.)

आषाढात आम्ही पहिल्यांदा सुरुवात केली होती. इथल्या पावसात हवेलाच इतकं पाणी असतं की भांड्यातलं आटतच नाही. महिनाभरात स्फटिक जवारीच्या दाण्याचा वाटाण्याएवढा झाला, बस. दिवाळीनंतर पुन्हा मांडलं. कोरडी हवा, रात्री गारवा, दुपारी ऊन. उन्हानं मात्र घोटाळा केला. दुपारी द्रावण तापायचं आणि रात्रीत वाढलेलं पुन्हा विरघळून जायचं. शेवटी भांडं थर्मोकोलच्या पेटीत ठेवलं.

हा संक्रांतीचा स्फटिक. अंगठ्याच्या पेराएवढा. याच्यात तळाशी एक धुरकट रेघ आहे. एका रात्री कुणीतरी झाकण उघडं ठेवलं होतं, त्याची ती खूण.

(दृश्य: स्फटिक रेशमी धाग्याला टांगलेला. शेजारी निओडिमियम चुंबक सरकतं. स्फटिक हलकेच त्याकडे झुकतो.)

झुकला. पुन्हा बघा.

तांब्याच्या आयनात, म्हणजे दोन इलेक्ट्रॉन गमावलेल्या तांब्यात, एक इलेक्ट्रॉन जोडीविना उरतो. त्या एकट्या इलेक्ट्रॉनचा स्पिन म्हणजे आपलं बारीक चुंबक. एका स्फटिकात अशी अब्जावधी अब्ज. ती सगळी विस्कळीत आहेत. चुंबक जवळ आलं की किंचित वळतात, दूर गेलं की पुन्हा आपापल्या वाटेला. याला समचुंबकत्व म्हणतात. एम.एस्सी.च्या प्रयोगशाळेत गौय तराजूवर विद्यार्थी हीच ओढ मोजतात. चुंबक चालू केलं की नळीतल्या मोरचुदाचं वजन थोडं वाढल्यासारखं दिसतं.

पण याच ओढीतून आत काय मांडणी आहे तेही कळू शकतं, आणि ते आधी दाखवलं कलकत्त्यात.

(दृश्य: लेथवर फिरणारा लोखंडाचा ठोकळा. निळसर कीस.)

१९३०च्या दशकात बहुबाजार रस्त्यावरच्या इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्समध्ये के. एस. कृष्णन काम करत होते. रामन यांचे सहकारी. त्यांच्याकडे फार महागडी यंत्रं नव्हती. त्यांनी काय केलं, तर स्फटिक क्वार्ट्झच्या अतिशय बारीक तंतूला टांगला आणि दोन चुंबकी ध्रुवांच्या मध्ये सोडला. स्फटिक सगळ्या दिशांनी सारखाच चुंबकीय असता तर तो कसाही लटकला असता. पण तो वळला. एक ठरावीक बाजू त्यानं चुंबकी क्षेत्राच्या दिशेला लावली. मग वरून तंतूला पीळ द्यायचा. स्फटिक थोडा थोडा पिळाबरोबर येतो, ओढून धरतो, आणि एका क्षणी हात टेकतो. गर्रकन फिरतो. तंतूला किती पीळ दिला तेवढं मोजा. बाकी सगळं कागदावर.

हे आम्हाला करून पाहायचं होतं. चौकट उद्यमनगरातल्या एका टर्नरनं भंगारातल्या लोखंडातून कातून दिली. दोन्ही तोंडं इतकी सपाट की एकमेकांवर ठेवली तर हवा अडकते. तंतू म्हणून रेशीम. वर पीळ मोजायला शाळेतला कोनमापक.

(दृश्य: वरचा खुंटा सावकाश फिरतो. स्फटिक ताणून धरतो. मग एकदम फिरतो. मागे कुणीतरी ओरडतं.)

ओरडणारा टर्नर आहे. आवाज काढून टाकायचा होता, पण ठेवला.

खरं सांगायचं तर आमचं क्षेत्र सगळीकडे सारखं नाही आणि रेशीम दमट हवेत सैल पडतं. त्यामुळे यातून आम्ही आकडा काढलेला नाही. कृष्णन यांनी काढला. १९३६ मध्ये त्यांनी आणि आशुतोष मुखर्जी यांनी (कलकत्ता विद्यापीठाचे कुलगुरू ते वेगळे) मोरचुदाची मोजमापं प्रसिद्ध केली. दोन वर्षं आधी बीव्हर्स आणि लिप्सन यांनी क्ष-किरणांनी याच स्फटिकाची रचना उलगडली होती. प्रत्येक तांब्याभोवती चौकोनात पाण्याचे चार रेणू, वर आणि खाली सल्फेटचा एकेक ऑक्सिजन. पाण्याचा पाचवा रेणू तांब्याला शिवतही नाही. आणि असे तांबे दोन प्रकारांनी बसलेले, एकाचा अक्ष दुसऱ्याशी जवळजवळ काटकोनात. धाग्यावरच्या पिळानं जे सांगितलं, ते या चित्राशी जुळलं.

एक धागा आणि एक खडा. लेथ तर आपल्या गल्लोगल्ली आहेत.

(दृश्य: लेझीम. शाळेचं मैदान, एक लांब रांग.)

आता थंडी. इथून पुढचं कोल्हापुरात चित्रित होत नाही, म्हणून लेझीम.

जिल्ह्यात सर्वांत थंड वस्तू बहुधा जनावरांच्या दवाखान्यात असते. रेतमात्रा ठेवायचं द्रव नायट्रोजनचं पिंप. उणे १९६ अंश सेल्सिअस, म्हणजे ७७ केल्व्हिन. शास्त्रज्ञ निरपेक्ष शून्यापासून, म्हणजे ज्याच्या खाली जाताच येत नाही त्या तापमानापासून मोजतात, त्याला केल्व्हिन म्हणतात. मोरचूद त्या पिंपात टाकला तरी त्याच्या आतल्या चुंबकांना शिस्त लागत नाही. १९०८ मध्ये लायडनला कामरलिंग ओनेस यांनी हेलियम द्रवरूप केला, ४.२ केल्व्हिन. तिथेही नाही.

१९५२ साली बर्कलीत गेबॉल आणि गिऑक यांनी मोरचुदाचा स्फटिक पाव केल्व्हिनपर्यंत थंड नेला आणि त्याची उष्णताधारकता मोजली, म्हणजे तापमान थोडं वाढवायला किती उष्णता लागते ते. आलेखात दीड केल्व्हिनच्या अलीकडे एक रुंद उंचवटा दिसला. अवस्थांतराचा टोकदार सुळका नव्हे, बोथट उंचवटा. आणि हिशेब केला तर त्यात निम्मेच तांबे भाग घेत होते. निम्मे कुठे गेले?

उलगडा पुढच्या दशकात लायडनला झाला. कृष्णन यांना दिसलेले तेच दोन प्रकार. एका प्रकारचे तांबे स्फटिकात लांब रांगा करून बसतात आणि शेजाऱ्याशी धरून असतात. दुसऱ्या प्रकारचे सुटे, जवळजवळ कुणाशीच संबंध नसलेले.

रांगेतल्यांची शिस्त लोखंडासारखी नाही. इथे शेजारी एकमेकांच्या उलट उभे राहतात.

(दृश्य: लेझीम. पहिला मुलगा डावीकडे, दुसरा उजवीकडे, तिसरा डावीकडे.)

एक वर, एक खाली. बाहेरून बेरीज शून्य. खासबागेत दोन तुल्यबळ पैलवान एकमेकांत अडकलेले असतात तेव्हा वरच्या पायरीवरून बघणाऱ्याला सगळं निवांत वाटतं. याला प्रतिलोहचुंबकत्व म्हणतात.

आता रांगेतला एक मुलगा चुकला. बघा, पिवळ्या गंजीवाला. तो दोन्ही शेजाऱ्यांसारखाच वळला. चूक एक, पण खटकणाऱ्या जागा दोन झाल्या, त्याच्या डावीकडे एक आणि उजवीकडे एक. शेजारची जोडी सावरायला गेली की खटकणारी जागा पुढे सरकते. दुसरी उलट दिशेला. थोड्या वेळानं त्या दोन जागा एकमेकींपासून इतक्या लांब गेल्या की मूळ चूक कुणाची, सांगता येत नाही. एका चुकीचे दोन अर्धे झाले आणि आपापल्या वाटेनं निघून गेले.

मुलांना हे मुद्दाम शिकवलेलं नाही. तिसऱ्या वेळेला आपोआप झालं आणि कॅमेरा चालू होता.

त्या अर्ध्या तुकड्याला स्पिनॉन म्हणतात. १९३१ मध्ये हान्स बेथे यांनी अशा रांगेचं गणित कागदावर सोडवलं होतं. ते खऱ्या स्फटिकात बारकाईनं तपासलं गेलं २०१३ मध्ये, फ्रान्समधल्या ग्रेनोबलच्या न्यूट्रॉन केंद्रात. तिथे स्फटिकावर न्यूट्रॉन सोडतात आणि ते कसे विखुरतात ते बघतात. स्फटिक कोणता, तर मोरचूद. जड पाण्यात, म्हणजे ज्यातला हायड्रोजन जड जातीचा असतो अशा पाण्यात वाढवलेला, कारण साध्या हायड्रोजनवरून न्यूट्रॉन वाटेल तसे विखुरतात. बाकी कृती तुम्ही मघाशी पाहिलीत त्याच वळणाची. जे मोजलं त्यातला ७१ टक्के भाग दोन-दोन स्पिनॉनच्या जोड्यांचा निघाला. उरलेला बहुतेक चार-चारांचा.

आणि या रांगा एकमेकींशी जुळवून घेतात, खरं अवस्थांतर होतं, ते एक दशांश केल्व्हिनच्या हद्दीत. शून्याला जवळजवळ टेकून.

इतकं खाली का? त्याचं उत्तर पुन्हा कोल्हापुरात, गॅसच्या शेगडीवर आहे.

(दृश्य: चिनीमातीच्या वाटीत निळा चुरा. खाली ज्योत. कडेनं पांढुरकं व्हायला लागतं.)

मोरचूद भाजायचा. आधी वाफ निघते. कडा फिकट होतात, मग मधला भाग. पाण्याचे पाचही रेणू टप्प्याटप्प्यानं उडून जातात, शेवटचा सुमारे २०० अंशांना. उरते ही पांढरी भुकटी. आमच्या एका सहकाऱ्याला इथे खडीसाखरेचं पीठ आठवलं. चाखू नका, पुन्हा सांगतो.

या पांढऱ्या भुकटीतल्या तांब्यांना शिस्त लागते ती ३५ केल्व्हिनच्या आसपास. तांबं तेच, सल्फेट तेच. मधलं पाणी गेलं आणि आकडा शेकडो पटींनी वर आला.

दोन तांब्यांचे स्पिन एकमेकांना थेट ओळखत नाहीत. त्यांच्यामध्ये बसलेला ऑक्सिजन निरोप पोचवतो. निळ्या खड्यात तांबे पाण्याच्या वेढ्यात आहेत, निरोप चार दारं फिरून जातो आणि जाता जाता विरतो. पाणी उडालं की सल्फेटचे ऑक्सिजन दोन तांब्यांना जवळून बांधतात. निरोप खणखणीत पोचतो.

(दृश्य: पुन्हा लोहारमामांची भट्टी, या वेळी उघड्यावर. सगळे वाऱ्याच्या पाठीकडे उभे.)

आता सल्फेटही काढून टाकू. ६५० अंशांच्या वर पांढरी भुकटी फुटते, गंधकाचा तिखट, घसा धरणारा धूर सुटतो. हे घरात करायचं नाही. उघड्यावर आम्ही केलं, तरी मामांनी आम्हाला लांब हाकललं. खाली उरलं काळं कॉपर ऑक्साइड. इथे दोन तांब्यांच्या मध्ये फक्त एक ऑक्सिजन. निरोप्या दारातच उभा.

आणि आकडा? २३० केल्व्हिन. उणे ४३ अंश सेल्सिअस. त्याच्या खाली स्पिन मळसूत्रासारखे वळत वळत लागतात, आणि त्या वळणामुळे स्फटिकात विद्युत ध्रुवीकरणही तयार होतं. हे २००८ साली जपानमध्ये दिसलं. २१३ केल्व्हिनला, म्हणजे उणे ६० अंशांना, दुसरं अवस्थांतर. मळसूत्र सुटतं आणि एक वर, एक खाली अशी सरळ मांडणी बसते.

(दृश्य: थर्मोकोलच्या पेटीत कोरडा बर्फ, पांढरा धूर. मध्ये काळ्या भुकटीची परीक्षानळी.)

कोरडा बर्फ उणे ७८ अंशांना असतो. तेव्हा या पेटीत, या क्षणी, दोन्ही अवस्थांतरं होऊन गेलेली आहेत. चुंबक लावा, काही कळत नाही. रंग तोच. आम्ही चाळीस मिनिटं चित्रण केलं. धूर मात्र छान आला.

तांबे आणि ऑक्सिजन यांचे सपाट थर असलेल्या स्फटिकांतच १९८६ साली बेडनॉर्झ आणि म्युलर यांना नव्या जातीची अतिवाहकता, म्हणजे विनाअडथळा वीज वाहणं, सापडली, पुढच्याच वर्षी नोबेल मिळालं, आणि ती का होते यावर वाद अजून चालू आहे. तो वेगळ्या चित्रपटाचा विषय.

(दृश्य: प्रयोगशाळा. टेबलावर तीन वाट्या. निळी, पांढरी, काळी.)

पांढऱ्यातली थोडी भुकटी आम्ही मागे ठेवली होती. त्यावर पाण्याचा एक थेंब.

(दृश्य: अगदी जवळून. थेंब पडतो. निळा डाग पसरत जातो. वाटीला लावलेलं बोट चटकन मागे येतं.)

वाटी गरम झाली.